धुळवडीचा स्पर्श आणि वैशाखी पौर्णिमा

१

सण आनंदाचा असतो, असे आपण शाळेतील निबंधाच्या वहीपासून शिकत आलो. हा आनंद कोणाचा आणि तो कोणाच्या कष्टावर उभा आहे, हे मात्र त्या वहीत कधी विचारले गेले नाही. पंचांगाला आपण तिथी-नक्षत्रांचे गणित समजतो. वस्तुतः कोणी कोणत्या दिवशी विसावा घ्यायचा, कोणी कोणाच्या दारात उभे राहायचे, कोणी कोणाला शिवायचे आणि शिवल्यानंतर काय करायचे, याचेही नियम पंचांगाभोवती गुंफलेले होते. म्हणून सणांचा इतिहास हा समाजरचनेचाच इतिहास ठरतो. या लेखात मी तो एका शहरापुरता आणि एका ऋतूपुरता मांडणार आहे. शहर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. ऋतू वसंत.

या शहराचा वसंत किती गजबजलेला असतो, हे पाहण्यासाठी २०२४ साल पुरेसे आहे. २४ मार्चला होळी झाली. २९ मार्चला गुड फ्रायडे आणि ३१ ला ईस्टर. त्याच सुमारास पैठणला नाथषष्ठीची यात्रा. ९ एप्रिलला गुढीपाडवा आणि लगोलग सिंधी बांधवांचा चेटीचंड. ११ एप्रिलला रमजान ईद आणि महात्मा जोतीराव फुले यांची जयंती एकाच दिवशी. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. १७ ला रामनवमी, २१ ला महावीर जयंती, २३ ला हनुमान जयंती, आणि तिच्या आदल्या रात्री खुलताबादच्या भद्रा मारुतीकडे पायी जाणाऱ्यांची रीघ. पुढे २३ मे रोजी वैशाखी पौर्णिमा. हिजरी पंचांगात अधिक मास नसल्यामुळे ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि जवळजवळ तेहतीस वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येते. अलीकडची काही वर्षे ती वसंतात आली. त्यामुळे सगळ्या समाजांचे सण एकाच रस्त्यावर, एकाच पंधरवड्यात एकमेकांसमोर उभे राहिले.

अशा वेळी वृत्तपत्रे 'सर्वधर्मसमभावाचा संगम' असे मथळे देतात. मला त्या मथळ्यांविषयी आकस नाही. पण संगमाचे पाणी कोणाला शिवू दिले होते आणि कोणाला नाही, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोडता येत नाही.

पंचांगावर सत्ता कोणाची, यासाठी राज्यकर्तेही झगडले आहेत. औरंगजेबाने गादीवर आल्यानंतर वसंतसंपाताचा नौरोज हा दरबारी उत्सव बंद केला. निजामी राजवटीत सरकारी कारभार फसली सनाने चाले. फसल म्हणजे पीक, आणि फसली साल म्हणजे सारावसुलीचे साल. स्वतंत्र भारताने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली आणि वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी धरला. साहा हे स्वतः विद्यार्थिदशेत वसतिगृहातील जातिभेदाचे चटके सोसलेले शास्त्रज्ञ. त्यांचे पंचांग सरकारी कागदावर राहिले. गावगाड्याचे पंचांग मात्र माणसांच्या अंगवळणी पडलेले होते. आधी त्याचाच विचार केला पाहिजे.

२

मराठवाड्यात फाल्गुन-चैत्र हा सुगीचा काळ. रब्बीची ज्वारी खळ्यावर येते, मळणी होते, रास पडते. बलुतेदारांना त्यांचा वाटा याच खळ्यावर मिळे. महाराच्या वाट्याला काय येई आणि त्याबद्दल त्याला काय काय करावे लागे, याची यादी त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गाव-गाडा' या ग्रंथात सविस्तर नोंदविली आहे. आत्रे यांची दृष्टी बलुतेदारांकडे सहानुभूतीची नव्हती. तरीही त्यांच्या नोंदीतून गावाचे यंत्र स्पष्ट दिसते. राखण, निरोप पोचविणे, सरकारी माणसाचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे ही बारमाही कामे, आणि सणासुदीला त्यात भर.

शिमगा आला की होळीच्या लाकडांची जुळवाजुळव महारांकडे असे. हलगी मांगाच्या हाती. महाराष्ट्रातील काही गावांत तर गावहोळी पेटविण्यासाठी विस्तव महारवाड्यातून आणण्याची रीत होती. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या विस्तवावाचून गावचा शिमगा पेटत नसे. ही रीत काही अभ्यासकांना महारांच्या प्राचीन मानाची खूण वाटते. भूमीचे मूळ मालक म्हणून त्यांना हा मान राहिला असावा, असा तर्क करण्यात येतो. तर्क आकर्षक आहे. परंतु ज्याचा विस्तव चालतो त्याच्या हातचे पाणी चालत नाही, तेव्हा तो मान कोणत्या जातीचा असतो, हे आपण विचारले पाहिजे. विस्तव शुद्धच असतो, त्याला विटाळ लागत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. विस्तव आणणारा माणूस मात्र होळीपासून दूर उभा.

मग पोस्त. शिमग्याचे पोस्त मागणे हा हक्क म्हणून सांगितला जाई. सणाची पोळी मागणे हाही हक्क. येसकराने घुंगराची काठी वाजवीत दारोदार जायचे आणि मिळेल ते टोपलीत गोळा करायचे. ज्या समाजाला अन्न मागणे हाच हक्क म्हणून शिकविले जाते, त्या समाजाच्या मनात सणाची आठवण कशी असेल? आमच्या आधीच्या पिढीतील बायांना पुरणपोळीची आठवण विचारली की त्या चव सांगत नसत. पोळी कोणत्या घरची होती आणि ती किती उंचावरून टोपलीत टाकली गेली, हे सांगत.

पाडव्याचीही दोन रूपे आहेत. मी अनेक वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकविला. वर्गात पाडव्याविषयी विचारले की शेतीवाल्या घरची मुले गुढी, साखरेची गाठी, कडुनिंब सांगत. भूमिहीनांची मुले एकच शब्द सांगत, 'साल'. सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते आणि पाडव्याला सुरू होते. वर्षाची रक्कम किती, धान्य किती, उचल किती, हे त्या दिवशी ठरते. मागील उचल फिटली नसेल तर गडी त्याच दारात आणखी एक साल अडकतो. एकाच्या अंगणात गुढी उभी राहते त्याच सकाळी दुसऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा सौदा होतो. दोन्ही गोष्टींना एकच नाव आहे, पाडवा. सालगडी मिळेनासा झाला, हार्वेस्टर आले, तरुण वाळूजच्या कारखान्यांत गेले, तरी ही रीत मराठवाड्याच्या खेड्यांतून पुरती गेलेली नाही.

३

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वसंतातील सणांचा अस्पृश्यतेशी असलेला संबंध श्रमापुरता नव्हता. तो थेट स्पर्शाचा होता आणि त्याला ग्रंथाधार होता.

व्रते व सण यांचे निर्णय सांगणारा 'निर्णयसिंधु' हा निबंधग्रंथ कमलाकर भट्टाने १६१२ साली काशीत पूर्ण केला. धुळवडीच्या दिवसाचा विचार करताना त्यात पुराणाच्या आधाराने एक विधी येतो. त्या सकाळी श्वपचाला, म्हणजे अंत्यजाला, स्पर्श करावा आणि नंतर स्नान करावे. असे करणाऱ्याला पाप, चिंता आणि रोग यांची बाधा होत नाही. वर्षभर ज्याला टाळायचे त्याला या एका दिवशी मुद्दाम शिवायचे. का? स्वतःचे वर्ष निरोगी जावे म्हणून. शिवून झाले की आंघोळ. स्पर्श हा औषधाचा डोस, आणि माणूस हे त्या औषधाचे भांडे.

हा विधी आपल्या भूमीपासून दूरचा नाही. कमलाकर भट्टाचे घराणे मूळचे पैठणचे. या प्रकारच्या ग्रंथांना ज्याचा मोठा आधार, तो हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याचा व्रतांचा अवाढव्य संग्रह तेराव्या शतकात, आज ज्याला आपण दौलताबाद म्हणतो त्या राजधानीच्या छायेत सिद्ध झाला. काशीपासून पंढरपूरपर्यंत ज्या ग्रंथांनी सण ठरविले, त्यांची मुळे या जिल्ह्याच्या दोन टोकांना, पैठणला आणि देवगिरीला आहेत.

याच पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठी भरते. एकनाथांनी १५९९ साली याच तिथीला देह ठेवला. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न महारांना जेवू घातले, राण्या महाराच्या घरी ते जेवले, या कथा कीर्तनातून शतकानुशतके सांगितल्या गेल्या. त्यांच्या भारुडांत महार बोलतो, जोहार घालतो. त्या काळाच्या मानाने या गोष्टी लहान नव्हत्या, आणि पैठणच्या ब्रह्मवृंदाने नाथांना त्रास दिला हेही कथाच सांगतात. एकनाथांची माणुसकी नाकारण्याचे कारण नाही.

पण प्रश्न माणुसकीचा नसून रचनेचा आहे. १९३५ साली प्रभात कंपनीने एकनाथांच्या जीवनावर 'धर्मात्मा' चित्रपट काढला आणि नाथ हे अस्पृश्योद्धाराचे नायक म्हणून लोकांसमोर आले. 'जातिभेद निर्मूलना'वर गांधीजींनी टीका केली, तेव्हा तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी या चित्रपटाचा उल्लेख केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, नाथांनी अस्पृश्यास स्पर्श केला तो जातिभेदाला त्यांचा विरोध होता म्हणून नव्हे. त्या स्पर्शाचा विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पैठणकरांची गंगा म्हणजे गोदावरी. धुळवडीचा विधी आणि नाथांची करुणा यांत अंतर फार मोठे आहे. एक स्वार्थ आहे, दुसरी दया आहे. पण दोन्हींच्या शेवटी तीच आंघोळ आहे. स्पर्श होतो आणि त्याच दिवशी पुसला जातो. दुसऱ्या दिवशी गाव होते तसेच असते. नाथषष्ठीला लाखो लोक येतात, पोर उचलल्याची कथा ऐकतात, गहिवरतात. आणि गावी परतल्यावर महारवाड्याच्या विहिरीचे पाणी पीत नाहीत. हे शतकानुशतके चालले, कारण कथेतच स्नानाची सोय होती.

४

ही सोय नाकारणारा लढाही वसंतातच उभा राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध केले. म्हणजे धुळवडीची आंघोळ यावेळी माणसाऐवजी तळ्यालाच घातली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एप्रिलमध्ये रामनवमीच्या उत्सवातील रथ स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून ओढावा असा समेट ठरला होता. तो मोडला गेला आणि दगडफेक झाली. एका दोराला दोघांचे हात लागणे देवाच्या उत्सवातही सोसले नाही.

आपल्या जिल्ह्यातील प्रसंग याहून वेगळा आणि अधिक बोधप्रद आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास आले. महिना रमजानचा होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेरील हौदावर प्रवासाची धूळ भरलेली तोंडे सर्वांनी धुतली. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की या धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात जाऊ दिले ते आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला. बाबासाहेबांनी तेथेच विचारले होते की, हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला हे पाणी घेऊ द्याल की नाही? हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

ज्या धर्माच्या ग्रंथात विटाळ नाही त्या धर्माच्या माणसांतही तो कसा उतरतो, हे या हौदाने दाखविले. जातीचे पाणी धर्माची भिंत ओलांडून मुरते. म्हणून बहुधर्मीय समाजाचे गोडवे गाताना या शहराने दौलताबादचा हौद विसरता कामा नये.

ख्रिस्ती वसंताचाही विचार येथेच करतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रतनजी नौरोजी या पारशी घराण्यात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने औरंगाबाद परिसरात, आणि नारायण शेषाद्री या ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या धर्मोपदेशकाने जालन्याजवळ काम केले. शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसविली. या प्रदेशातील अनेक मांग व महार कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांच्या घरी शिमग्याच्या जागी चाळीस दिवसांचे उपवास आणि ईस्टरची पहाट आली. एका पंगतीत भाकरी मोडून खाण्याचा विधी ज्यांच्या वाट्याला आजवर टोपलीत पडलेली पोळी आली होती त्यांना काय वाटला असेल, याची कल्पना करावी. पण स्वतंत्र भारताने १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये लागू झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना तो आजही नाही. कोणता सण पाळता यावरून तुमचे दलितपण मान्य होते किंवा होत नाही. गावाने मात्र अशा घरांची जात कधीच विसरली नाही.

५

या पार्श्वभूमीवर आपल्या नव्या सणांचा अर्थ लागतो.

२४ मे १९५६ रोजी, बुद्धाच्या २५०० व्या जयंतीच्या दिवशी, मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेण्याचा निर्धार जाहीर केला. वैशाखी पौर्णिमा आमच्या जीवनात अशी आली. १४ ऑक्टोबरच्या नागपूरच्या दीक्षेनंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून जे घडले त्याचे मोल अजून पुरेसे मोजले गेलेले नाही. शिळे मागणे बंद, ढोर ओढणे बंद, येसकराची काठी टाकली. होळीची लाकडे आणायची नाहीत, पोस्त मागायचे नाही. ज्यांनी हे केले त्यांच्यावर गावांनी बहिष्कार घातले, चराई बंद केली, मजुरी बंद केली. लक्षात घ्या, सण सोडणे ही त्या लोकांसाठी वैचारिक चैन नव्हती. शिमगा सोडणे म्हणजे खळ्यावरचे बलुते सोडणे होते. उपाशी राहण्याची तयारी ठेवून त्यांनी पंचांग बदलले.

या शहरात तर नव्या वसंताची जागाही इतिहासाने राखून ठेवली होती. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे निघाले आणि पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. परिसराला नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची ही नावे. तेथून उत्तरेला, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात, बहुतांशी सहाव्या-सातव्या शतकांतील बौद्ध लेणी आहेत. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष उपासक कोरलेले आहेत. सातव्या लेण्यात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया. वैशाखी पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया लेकरांसह हा डोंगर चढतात, तेव्हा त्या दगडी उपासिकांची रांग पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटते. येथे कोणी कोणाची पोळी मागत नाही. कोणाला बाजूला उभे राहावे लागत नाही.

१४ एप्रिलचा जनसागर भडकल दरवाजापाशी, बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती लोटतो. हा दरवाजा मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ साली उभारला. अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी. त्यानेच १६१० मध्ये खडकी हे शहर वसविले आणि डोंगरातील पाणी नहरींनी घरोघर आणले. ज्या वर्षी काशीत पैठणच्या घराण्याचा पंडित धुळवडीच्या स्पर्शाचा निर्णय लिहून संपवीत होता, त्याच वर्षी या शहरात एक माजी गुलाम आपल्या विजयाची कमान बांधीत होता. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जयंतीच्या रात्री त्या कमानीजवळ उभे राहिले की, आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत हे तरुणांना समजावून सांगणे सोपे जाते.

या नव्या सणाला विरोध झाला नाही असे नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. होळीचे लाकूड नाकारलेल्या माणसांची घरेच होळीला लागली. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ही गोष्ट जुनी झाली असे म्हणावे, तर १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली येथे एका तरुण बौद्ध कार्यकर्त्याचा खून झाला. गावात भीमजयंतीची मिरवणूक काढल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे. गावाच्या मुख्य रस्त्यावरून मिरवणूक जाणे म्हणजे न धुतला जाणारा स्पर्श होय. रस्त्याला आंघोळ घालता येत नाही. राग त्याचा आहे.

६

येथे आपल्या कार्यकर्त्या मित्रांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुढीपाडव्याविषयी आपल्या सभांतून एक विधान वारंवार केले जाते. मार्च १६८९ मध्ये, फाल्गुन अमावास्येला, छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली आणि त्या आनंदात दुसऱ्या दिवसापासून गुढ्या उभारण्याची चाल पडली, असे ते विधान. हत्या खरी आहे, तिथी खरी आहे. पण गुढी त्यापूर्वीची आहे. ज्ञानेश्वरीत गुढी येते. इतकेच नव्हे, तर चोखामेळ्याच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात गुढी उभारण्याची हाक आहे, आणि ती पंढरीच्या वाटेवरची हाक आहे. १३३८ मध्ये गावकूस कोसळून त्याखाली मेलेल्या आपल्या पूर्वजाचा शब्द पुरावा म्हणून समोर असताना आपण तो नजरेआड का करावा? गुढी नाकारायची तर पाडव्याच्या सालगडीपणाचा हिशेब मांडून नाकारावी. ते कारण भक्कम आहे आणि ते पुराव्याने सिद्ध होते. कच्च्या पुराव्यावर उभा केलेला नकार प्रतिपक्षाच्या एका फुंकरीने पडतो, आणि त्याबरोबर आपले खरे म्हणणेही ऐकले जात नाही.

पाडव्याची रूढ कथाही तितकीच तपासली पाहिजे. कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने पैठणला मातीचे सैन्य जिवंत केले, शत्रू जिंकला आणि शक सुरू केला, असे सांगतात. इतिहास सांगतो की, इ. स. ७८ चा शक हा शकांच्या कालगणनेतून आला, आणि पैठणचे सातवाहन तर शकांचे वैरी होते. शालिवाहनाचे नाव त्याला हजार वर्षांहून अधिक काळानंतर जोडले गेले. त्या कथेतील कुंभाराची माती मात्र मला मोलाची वाटते. श्रमिकाच्या हातून राज्य घडले, ही लोकस्मृती तिच्यात आहे. आणि खरे पैठण पाहायचे असेल तर कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात जावे. तेथील खांबांवर पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधिकाच्या कुळाने दिलेल्या दानाचा लेख आहे. अत्तरे विकणारा एक साधा व्यापारी भिक्षुसंघाच्या लेण्याला खांब देतो. पैठणचे हे दोन हजार वर्षांपूर्वीचे दान कोणत्याही कीर्तनात सांगितले जात नाही. ते आपण सांगितले पाहिजे. फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त नरसिंह-हिरण्यकश्यपूच्या कथेचा उलट अर्थ लावण्याचे धाडस केले. आपल्याला त्या धाडसासोबत आज शिलालेख आणि कागदपत्रेही उपलब्ध आहेत.

७

शेवटी आजच्या शहराकडे वळतो. जयंतीच्या मिरवणुकीला मुस्लिम तरुण पाणी आणि सरबत देतात. रमजानमध्ये इफ्तारला आमचे कार्यकर्ते बसतात. या गोष्टी खऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत. त्याच शहरात मार्च २०२३ मध्ये, रमजानच्या दिवसांत, रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यातील राममंदिराजवळ दंगल उसळली, गाड्या जळाल्या, गोळीबार झाला. दोन्ही चित्रे एकाच वसंताची आहेत. सरबताचा पेला पाहून भाबडे होऊ नये आणि जळालेली गाडी पाहून निराश होऊ नये. धुळवडीच्या इतिहासाने आपल्याला एक कसोटी दिली आहे, ती लावावी. सणाच्या दिवशी झालेला स्पर्श दुसऱ्या दिवशी टिकतो की धुतला जातो? ज्या वस्तीने आज सरबत दिले तेथे उद्या आमच्या मुलाला भाड्याने खोली मिळते का? ज्या इफ्तारला आम्ही बसलो त्या मोहल्ल्यातील माणूस संकटात असताना आम्ही उभे राहतो का?

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. मातंग, चर्मकार, ख्रिस्ती दलित, भटके विमुक्त यांना आपली जयंती आपली वाटते का? त्यांच्या घरी आपण पाणी पितो, पण सोयरीक करतो का? जयंतीच्या वर्गणीवरून गल्लीगल्लीत चढाओढ लागते, ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि त्याच गल्लीतील मुलीचे शुल्क भरायला पैसे नसतात. मिरवणुकीत बाया नाचल्या तर आम्ही कौतुक करतो, पण उत्सव समितीत त्यांची नावे किती असतात? पूर्वी सणाचे राबणे जातीने वाटले होते. आपल्या सणाचे राबणे आता स्त्री-पुरुषांत तसेच वाटले जात असेल, तर ते वेळीच मोडले पाहिजे.

एक काम मात्र तातडीचे आहे. ज्यांनी स्वतः येसकराची काठी खाली ठेवली, ज्यांनी होळीचे लाकूड आणण्यास पहिल्यांदा नकार दिला, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांची मुले-मुली ऐंशीच्या घरात आहेत. त्या घरांत आठवणी आहेत, बहिष्काराचे कागद आहेत, पहिल्या जयंतीच्या वर्गणीच्या वह्या आहेत. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावी जावे. गावात पहिली भीमजयंती कोणत्या साली झाली, कोणत्या रस्त्याने मिरवणूक गेली, कोणी अडविली, होळीचे लाकूड कोणत्या वर्षी बंद झाले, त्या वर्षी खळ्यावर काय मिळाले नाही, हे विचारून लिहून आणावे. सांगणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे आणि तारीख घालावी. शिक्षकांनी ते तपासून घ्यावे. गावागावांतील अशा नोंदी एकत्र आल्या, तर मराठवाड्याच्या वसंताचा खरा इतिहास लिहिण्यास सुरुवात करता येईल.